तीन थर्मास आणि एक बाप्तिस्मा

"पाण्याचं माझ्यावर सोडा!" आजोबांनी आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. आणि का नाही सोडायचं? उभा जन्म बॉयलर दुरुस्त करण्यात गेलेला माणूस! अख्ख्या इस्पितळाला ज्याने गरम पाणी पुरवलं, त्याला एक नातू काय जड होता?

काळजी होतीच तशी. आजोबांच्या कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर ओंजळभर पाणी ओतलं की झाला बाप्तिस्मा. पण लेक पडली ऑर्थोडॉक्स चर्चवाल्यांच्या घरात. तिथे बाळाला अख्खं बुडवतात. एकदा नव्हे, तीनदा!

"एवढंसं लेकरू हो ते! न्यूमोनिया झाला म्हणजे?" आजोबांनी विचारलं.

"आमच्यातली मुलं शिंकतसुद्धा नाहीत," विहीणबाई फणकारल्या. "नाजूकपणा तुमच्याकडचा!"

आजोबांनी रविवारी कोटाखाली थर्मास लपवून चर्च गाठलं. फादर आतल्या खोलीत झगा चढवत होते. पितळी कुंड भरून तयार. आसपास चिटपाखरू नाही. आजोबांनी कढत पाण्याचा थर्मास कुंडात उपडा केला आणि साळसूदपणे बाकावर येऊन बसले.

मग "मेणबत्त्या बघून येते," म्हणत आजी उठल्या. त्यांच्या पिशवीतही थर्मास होता. आजी परतल्या, तशा विहीणबाई उठल्या. त्यांच्या शालीखाली तिसरा, आणि तो सगळ्यांत मोठा!

फादर आले. पाण्याला आशीर्वाद द्यायला त्यांनी हात बुडवला आणि "आई गं!" करत झटक्यात बाहेर काढला.

"बाळाला बुडवायचंय की उकडायचंय?"

तिघंही एकदम उठले.

"मी बघतो!"

"तुम्ही बसा हो!"

"पाण्यातलं कुणाला कळतं, तुम्हाला की मला?"

तीन बाजूंनी गार पाण्याच्या तीन बादल्या आल्या आणि एकदमच रिकाम्या झाल्या. कुंड ओसंडलं, फादरांचे बूट भरले, गालिचा तरंगायला लागला! दोन्ही चर्चची माणसं इतक्या एकदिलाने गुडघ्यांवर कधी आली नव्हती. हातात मात्र फडकी होती.

"आता पाण्याजवळ कुणीही फिरकायचं नाही!" लेक कडाडली. "बाबा, तुम्हीसुद्धा!"

शेवटी फादरांनीच पाणी बेताचं केलं, आशीर्वाद दिला आणि बाळाला हातात घेतलं. बाळ पाण्यात गेलं, वर आलं. आजोबांचा जीव टांगणीला लागला. पुन्हा गेलं. विहीणबाईंनी आजोबांचा दंड करकचून धरला. तिसऱ्यांदा वर आलं ते खिदळतच! आजोबांना रडूच फुटलं. विहीणबाईंनी गुपचूप आपला रुमाल पुढे केला.

डोळे पुसून आजोबा मिस्त्रीच्या थाटात म्हणाले, "फादर, पाणी आता कसं अगदी बरोबर लागलंय!"

"सकाळीही अस्संच होतं," फादर बुटातलं पाणी ओतत म्हणाले. "मी कोमट करूनच भरलं होतं. तुमच्यापैकी कुणी हात घालून बघितलंच नाही?"

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबा घाईघाईने बाळाचे कान पुसायला लागले. ते केव्हाच कोरडे झाले होते.