रिकामी आलेली डिस्क

शुक्रवारी दुपारी समाजाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट गेली ती गेलीच. जिथं तिच्यासाठी भाड्यानं जागा घेतली होती तिथला सर्व्हरच जळाला. मेळावा रविवारी वाटूरला, आणि अकराशे मुला-मुलींची माहिती त्या वेबसाइटवर. तरी मेळावा भरवणारे बुद्धभूषण सर घाबरले नाहीत. उलट जरा खूशच दिसले, कारण बॅकअपची योजना त्यांनी स्वतः निवडली होती.

संगणक दुरुस्त करणारा फहीम तेव्हा म्हणाला होता, "सर, ऑनलाइन ठेवा. महिन्याला खर्चा लागंल, पन बेफिकीर राहा." वर्गणीतल्या मेळाव्याला तो खर्च झेपणारा नव्हता, आणि मुलींचे फोन नंबर म्हणजे जोखमीचा माल. शेवटी दोन डिस्क घेतल्या, दोन्हींना पासवर्डचं कुलूप लावलं. एक सरांच्या कपाटात, दुसरी पिंपळगाव रेणुकाईला त्यांच्या उषाबाई आत्याकडं. वसंताचा टेम्पो दर रविवारी मिरची आणायला तिकडं जायचा. तो ताजी डिस्क नेऊन जुनी परत आणायचा. सरांचं काही बरंवाईट झालं तर, म्हणून पासवर्ड आत्यालाही सांगितलेला होता. नोंदणी महिन्यापूर्वीच संपली, पण सरांचा रविवारचा नेम चुकला नाही.

माहिती वेबसाइटवरून थेट डिस्कवर उतरायची. फहीमनं सरांच्या लॅपटॉपवरची त्या कामाची नोंद उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. "सर, हे आधी जुनं पुसतंय, मंग नवं भरतंय. तीन रविवार पुसलं बराबर, पन भरलंच न्हाई. मधीच डिस्क काढली का?"

सरांना आठवलं. तीन आठवड्यांपासून वसंता तासभर लवकर यायचा आणि हॉर्नवरचा हात काढायचा नाही. "सर, जल्दी करा, मिरची संपून जाईल!" मग सर डिस्क तशीच उपटून द्यायचे. आलटून-पालटून दोन्ही डिस्क पुसल्या गेल्या होत्या. अकराशे घरांनी विश्वास टाकला आणि आपण एका हॉर्नला भ्यालो, याची सरांना भयंकर लाज वाटली.

तरी त्यांनी आत्याला फोन लावला. "आत्या, तुझ्याकडची डिस्क..."

"रिकामी आल्ती."

"तुला कसं कळलं?"

"आलेला डबा उघडून बघत न्हाई का? आपली सून साक्षी ग्रामपंचायतीत कंप्युटरवरच बसती. दर बारीला ती उघडून दावती मला. तीन बाऱ्या रिकामीच."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"रिकामं भांडं आलं म्हून बोंब मारायची का? वसंता मिरची भरून येईस्तोवर साक्षीनं भरलेल्या डिस्कमधलं समदं रिकामीत घातलं. मी कुनाचं भांडं रिकामं परत धाडलं न्हाई, बाबा."

सरांनी कपाटातली डिस्क काढली. फहीमनं ती लावली. नावं सरसर खाली उतरू लागली. फहीम नकळत खुर्ची सोडून उभा राहिला. "या अल्ला! सर, शहरातले मोठे मोठे लोक बॅकअप उघडून बघत न्हाईत हो!" त्यानं आकडा पाहिला. "पन हे अकराशे सत्तावीस कसे?"

"आत्या, सत्तावीस जास्तीचे कोन?" सरांनी विचारलं.

"भोकरदनकडची आपली पोरं-पोरी. त्यांच्या आया फार्म घेऊन घरी आल्त्या, साक्षीनं त्येबी भरले. दुसऱ्याचं भांडं देताना आपलंबी काही घालावं लागतं की!"

मेळावा थाटात पार पडला. पुढच्या रविवारी वसंतानं सरांच्या दारात हॉर्न वाजवला. सर दचकून उठले, पण त्यांच्या आधी फहीम बाहेर गेला.

"गाडी बंद कर," तो म्हणाला. "आत्याच्या घरी भांडं चाललंय. भरू दे."