रोज हातभर

मधमाशीचे समोरून, बाजूने आणि वरून असे तीन नकाशे मी फक्त ठवकरकाकांच्या पुस्तकात पाहिले. सोंडेपासून नांगीपर्यंत बाण, मापे, कोपऱ्यात प्रमाण आणि खाली 'तपासले' म्हणून स्वतःचीच सही. पुस्तक होते बालवर्गातल्या मुलांसाठी.

काका भिलाईच्या कारखान्यात नकाशे काढत. मी शेजारच्या टेबलावर. कारखाना अजून उभा राहत होता आणि मंजूर नकाशांपेक्षा रद्द नकाशेच जास्त होते. रद्द कागदांच्या पाठीवर काका माशा काढत, हळदीने रंगवत, जाड दोऱ्याने शिवत. संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या सेक्टरातल्या बालवर्गाच्या अंगणात, स्वतः पाळलेल्या माशांच्या पेटीजवळ सतरंजी टाकून ते वाचून दाखवत. मुले तेलुगू, पंजाबी, बंगाली, छत्तीसगढी. काकांची हिंदी भंडाऱ्याची. अडत कोणाचेच नसे.

"अंदाजानं नाही बाप्पा, नकाशानं!" हे त्यांचे पालुपद.

एकदा नर माशीचे पान निघाले. आमच्या साहेबांच्या मुलीने विचारले, "ये मोटेवाले क्या काम करते हैं?"

"काम? कुछ नहीं. खाते हैं, भनभन करते हैं."

त्या रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले, "पापा, आप कौनसी वाली मक्खी हो?"

सकाळी हुकूम आला: बालवर्गाच्या नव्या खोलीचे उद्घाटन साहेबांच्या हस्ते आहे, तरी मुलांच्या सुरक्षिततेसाठी पेटी ताबडतोब मागच्या भिंतीपाशी न्यावी.

मी म्हटले, "काका, दोघं मिळून उचलू. पाच मिनिटांचं काम."

"वेडे झाले का, भाऊ? माशी पेटी नाही ओळखत, जागा ओळखते. एकदम नेली तर बाहेर गेलेल्या साऱ्या जुन्याच जागी येतीन. तिथंच घिरट्या घालून मरतीन. मग पोरांले काय दाखवू, रिकामी पेटी?"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला, माशा आत आल्या की पेटी हातभर सरके. साहेब मधूनमधून विचारत. काका उठून उभे राहत आणि म्हणत, "काम प्रगतीवर आहे, साहेब." हे वाक्य आमच्याकडे इतके प्रचलित होते, की त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

उद्घाटनाच्या दिवशी प्रगती मंचाच्या थेट मागे पोचली होती. साहेबांच्या गळ्यात झेंडूचा जाड हार. राष्ट्रनिर्माणाचे पहिले वाक्य संपायच्या आत हारावर पाच-सात माशा उतरल्या. समोर सगळी मुले पुतळ्यासारखी थिजली. अंगावर माशी बसली तर हलू नये, हे त्यांच्या पुस्तकात सचित्र होते. हलत होते ते फक्त साहेब.

"पापा, हिलना मत!" मुलगी सतरंजीवरून ओरडली.

साहेब थांबले. चक्क डोळे मिटून उभे राहिले. माशा उडाल्या, कोणाला चावल्या नाहीत. इतके सुटसुटीत भाषण भिलाईत मी पुन्हा ऐकले नाही. पेटीचे नाव साहेबांनी नंतर काढले नाही आणि मुलीचे सतरंजीवर येणेही थांबले नाही.

संध्याकाळी काका पेटी सरकवायला बसले. मी म्हटले, "आता कशाला सरकवताय, काका? साहेब काही बोलणार नाहीत."

"सुरू केलं ते नीट पोचवा लागते." पेटी हातभर लोटत ते म्हणाले, "आईले मी एका दिवसात आणलं होतं. सकाळी भंडारा, संध्याकाळी इथं. साऱ्या क्वार्टरांचं तोंड सारखंच. तिले घर सापडे ना. रोज कपड्यांची पिशवी घेऊन निघे. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून चित्रांचं पुस्तक काढलं. नळ, कडुनिंब, आपलं दार. पहिलं पुस्तक तेच माहं."

"मग सापडलं?"

"मन लावून पाहिलं तिनं. म्हणे, चित्र लय चांगलं काढलं रे बाबू. पण हे आपलं घर नाही."