न हललेला अंगठा

विश्वंभर मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन अलिबागच्या एका छोट्या दवाखान्यात सकाळीच उरकलं. पाठीच्या कण्यात टोचून भूल दिलेली, त्यामुळे मास्तर अख्ख्या ऑपरेशनभर जागे होते आणि पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना आपल्या वाडीतल्या सुपारीवरचे रोग समजावून सांगत होते. आता त्यांना खोलीत आणून निजवलं होतं. कंबरेवरचे मास्तर नेहमीसारखेच होते. कंबरेखालचे कुठे गेले, कोण जाणे.

"पाय माझे वाटतच नाहीयेत," ते भूल देणाऱ्या डॉक्टर जागृतींना म्हणाले.

"भूल आहे हो अजून. जातील कुठे पाय? अंगठा हलला की सांगा. तोवर उठायचं नाही."

डॉक्टर गेल्या आणि मास्तरांच्या बायकोचा, आनंदीबाईंचा, फोन वाजला. रेवदंड्याहून नणंद, सगुणाताई.

"वहिनी, दादा कसा आहे?"

"बरे आहेत, वन्सं. पाय तेवढे हलत नाहीत. चिमटा काढला तरी कळत नाही."

'भूल उतरली की हलतील' हे सांगायच्या आत रेंज गेली. सगुणाताईंनी रडत रडत चौघांना कळवलं. म्हसळ्याला बातमी पोचेपर्यंत मास्तर कायमचे चाकाच्या खुर्चीत बसले होते.

म्हसळ्याला त्यांची एकुलती एक लेक होती, आश्लेषा. तिने तिथल्याच प्रज्योतशी लग्न ठरवलं तेव्हा मास्तर भर बैठकीत म्हणाले होते, "माझी मुलगी ट्रकवाल्याकडे?" लग्न झालं, पण ती पुन्हा नागावला माहेरी आली नाही. मास्तर संध्याकाळी वाडीच्या शिंपणाच्या निमित्ताने फाटकाशी घुटमळत. एसटी थांबली की त्यांची मान वर होई. फोन करावा असं कितीदा तरी मनात येई. सुरुवात कशी करायची, तिथेच गाडं अडे.

दुपारी दार धाडकन उघडलं. आश्लेषा! मागे घामाघूम प्रज्योत.

"बाबा!" तिने थेट त्यांचे पाय धरले. "कळतंय का काही?"

खरं तर अंगठा मघाशीच हलला होता. आता तिच्या हातांची ऊबही कळत होती. पण बरा आहे म्हटलं तर ही चहासुद्धा न घेता परत जाईल.

"नाही गं," मास्तर म्हणाले.

"घाबरू नका, बाबा," प्रज्योत पुढे आला. "गाडी खालीच हाय. लागलं तर आताच मुंबईला नेतो. मी हाय ना."

मास्तरांना गलबलून आलं. अंगठा त्यांनी मोठ्या निग्रहाने जागेवर ठेवला.

आनंदीबाईंनी डॉक्टरांना बोलावून आणलं. जागृतींनी पाय दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "एव्हाना हलायला हवे होते. असं फार क्वचित होतं, पण झालं तर थांबून चालत नाही. लगेच एमआरआय करू."

प्रज्योत गाडी दाराशी लावायला धावला. आनंदीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"थांबा!" मास्तर ओरडले. चादरीखाली दोन्ही अंगठे टकाटका हलले. "हलतायत. मघापासून हलतायत."

"मग बोलला का नाहीत?" आश्लेषा कडाडली.

"गेली असतीस."

चादर नीट करण्यात तिला बराच वेळ लागला. मग नाक पुसत ती म्हणाली, "डॉक्टर, यांना आठवडाभर उठू देऊ नका. मी आहे."

"उठू देऊ नका काय! संध्याकाळी चालवायचंय त्यांना."

संध्याकाळी मास्तर जावयाच्या खांद्याला धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"दमलात, बाबा? बसायचं?" प्रज्योतने विचारलं.

टाके चांगलेच ओढत होते.

"छे," मास्तर खांदा न सोडता म्हणाले, "अजून एक फेरी मारू."