चव्वेचाळीस वॅट

सुमनबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्विचबोर्डाचा ताप बघतात. हात उलटा करून बोटांची मागची बाजू बोर्डाला टेकवतात आणि डोळे मिटतात. घरातली माणसं चहाचा कप घेऊन तशीच उभी. "थंड हाय," असं म्हणाल्या की मग कप घेतात. "कोमट हाय," म्हणाल्या तर चहाचं विसरायचं, कारण तोवर बाई खुर्चीवर चढलेल्या असतात.

दिंद्रुडला आमच्या शेजारचं घर त्यांचं. धारूरच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. कमरेला चिमट्याचा मीटर खोचलेला असतो. चिमट्यात एक तार धरली की तिच्यातून किती अँपिअर करंट वाहतो ते दिसतं. व्होल्ट मोजायला त्याच मीटरच्या दोन सुया. पुढचं बाई तोंडी करतात. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट. कुणी म्हणालं, "बाई, फ्रिज लई आवाज करतोय," की त्या म्हणणार, "आवाज नको सांगू. व्होल्ट सांग, अँपिअर सांग."

एकदा मारुतीच्या देवळातला जुना पिवळा बल्ब काढून त्यांनी त्याचा रोध मोजला. सहासष्ट ओहम. हिशेब केला तर बल्ब आठशे वॅट खात होता. देऊळ पेटणार म्हणून बाईंनी बल्ब पिशवीत घालून घरी नेला आणि गुरव पणती लावून बसला. दुसऱ्या दिवशी बल्ब घेऊन परत आल्या, चेहरा उतरलेला.

"थंड बल्ब मोजला रे मी. तापल्यावर त्याचा रोध कितीतरी पटीनं वाढतो. साठचाच हाय हा. जल्मभर पोरांना हेच शिकवलं."

गुरव म्हणाला, "बाई, मारुतीला कशाचं भ्याव? भ्याव तुमालाच."

ते खरं होतं. बाईंना भीती वाटते आणि आकडा मिळेपर्यंत ती जात नाही. आम्ही हसायचो. माझी आई आजारी पडली तेव्हा माझं हसणं थांबलं.

आईची फुप्फुसं थकली होती. दवाखान्यातून तिला घरी आणलं ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन विजेवर चालायचं, नळी आईच्या नाकात. व्होल्टेज फार उतरलं की ते शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं. शेजारी एक लहान सिलिंडर होता, पण तो किती पुरणार? आमच्याकडं दुपारी शेताची लाइन आली की उसाला पाणी देणाऱ्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि गावातलं व्होल्टेज बसतं. त्या वेळात मी आईजवळ पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटायचं राहून जायचं.

एका दुपारी शिट्टी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी भिंतीवरून हाक मारली. बाई चप्पल न घालता आल्या.

आई धापा टाकत म्हणाली, "बाई, माझाबी करंट मोजा की."

"तुमचा करंट ह्या मीटरात मावत न्हाई, वैनी. बोलू नका."

त्यांनी बाहेर वीजमीटरपाशी सुया लावल्या. एकशे नव्वद. आईच्या खोलीत लावल्या. एकशे अडुसष्ट. मशीनच्या तारेला चिमटा लावला. दोन अँपिअर. बाईंचे ओठ हलायला लागले.

"बावीस व्होल्ट वाटेतच गेले. भागिले दोन, अकरा ओहम. एवढ्याशा वायरला अकरा ओहम? न्हाई. सांधा ढिला हाय कुठंतरी. बावीस गुणिले दोन…" त्या थांबल्या. "चव्वेचाळीस वॅट भिंतीत जळायलेत रे. आन् तुझी आई त्याच भिंतीला टेकून बसली."

आईला सिलिंडर लावला. मशीन बंद केलं. बाई भिंत चाचपत निघाल्या आणि कपाटाच्या मागं त्यांचा हात थबकला. मेन स्विच पाडून तिथली, तारांच्या सांध्याची पेटी उघडली. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला, तो वितळून काळा पडलेला. बाईंनी तारा खरवडल्या, स्क्रूच्या जोडणीत घट्ट आवळल्या. मेन चालू केला. मशीन घुरघुरलं. खोलीत एकशे सत्त्याऐंशी.

"जमलं का?" आईनं विचारलं.

बाईंनी मान डोलावली आणि फरशीवर बसल्या. मी चहा बशीत ओतून दिला.

तेव्हापासून मोटारींच्या वेळेला बाई रोज यायच्या. तारेला चिमटा लावून आईशी भांडत बसायच्या. मधूनच म्हणायच्या, "दोन." ते ऐकलं की आई डोळे मिटून घ्यायची. मीही एखादं पान वाचायचो.

आई गेली तेव्हा लाइट होती. व्होल्टेज चांगलं होतं. मीटर दोनच दाखवत होता. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, चिमटा काढला आणि मग मशीन बंद केलं. आम्हा घरच्यांपैकी कुणाचा हात पुढं झाला नव्हता.

त्यानंतर त्या आमच्याकडं आल्या नाहीत. ऊन तापायला लागलं तेव्हा एका दुपारी मीच गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या घरात कधी बसलो नव्हतो. बाई टेबलापाशी होत्या. समोर इस्त्री उभी करून ठेवलेली, तापलेली, तारेला चिमटा. कपडा एकही नव्हता.

"कशाला इस्त्री करायलात?"

"कशाला न्हाई." त्यांनी प्लग काढला आणि चिमटा एलईडी बल्बाच्या तारेला लावून मला दाखवला. शून्य पूर्णांक शून्य. "माझ्या घरात एवढंच चालतं. ह्यानं मीटर हलत न्हाई. दुपार झाली की हात त्याच्याकडं जातो, मग इस्त्री लावते. चार अँपिअर येतात."

मी म्हणालो, "आमच्याकडं या की."

"आता तिथं काय मोजू?"

"पंखा हाय," मी म्हणालो.

"पंख्याला शून्य पूर्णांक तीन," त्या लगेच म्हणाल्या. मग पदरानं चष्मा पुसला. "इस्त्री गार व्हायला वेळ लागंल. तशी टाकून निघता येत न्हाई."

"थांबतो," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बसलो.