झमकूचा नवरा

पुष्पाला कान काढता येत नव्हते. पुढचं सगळं रामायण एवढ्याच एका गोष्टीवरून घडलं.

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यात राहणारी पुष्पा दारव्ह्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, आणि दर रविवारी इन्स्टाग्रामवर 'धुकेगडची झमकू' नावाची चित्रकथा टाकत होती. झमकू म्हणजे राक्षसांशी लढणारी राणी. धुकेगडावर बाराही महिने धुकं असे, कारण पुष्पाला पाय जमत नव्हते. राक्षस नेहमी पाठमोरे पळत, कारण दात काढायचे म्हटले की ती पेन्सिल खाली ठेवी. आणि कान झाकावेत म्हणून तिनं झमकूच्या दोन्ही गालांवर घुगऱ्या सोडल्या होत्या. याडीच्या, म्हणजे आईच्या, पेटीतले ते चांदीचे झुबके समोर ठेवून तिनं इतकं मन लावून काढले होते की सगळ्या चित्रात तेवढेच खरे वाटत.

वडील डोंगरसिंग यांचा चित्रांना विरोध नव्हता, फक्त विश्वास नव्हता. पोरीनं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करावा असं त्यांना वाटे. त्यांनी एकदाच काय ते बजावून ठेवलं होतं, "काढ तुले जे काढाचं ते. पण एक जरी तक्रार घरी आली, त्या दिवसापासून बंद." पुष्पाला झमकूशिवाय आठवडा सरत नसे. तिनं मान डोलावली. राक्षसांबद्दल तक्रार घेऊन कोण येणार आहे, असं तिला वाटलं.

शेजारच्या लालीबाईंनी एका दुपारी मोबाइलवर बारा भाग एका बैठकीत पाहिले आणि मानीबाईंना, म्हणजे पुष्पाच्या याडीला, येऊन विचारलं की ही घुगरीवाली बाई एकटीच रानात काय करून राह्यली. घुगरी घालते ती लग्न झालेली बाई. म्हणजे हिला नवरा आहे. मग तो आहे कुठं? दोन दिवसांत तांड्यातल्या सगळ्या बायांना हाच प्रश्न पडला. सोडून गेला असेल, असं एकीचं मत. राक्षसानं खाल्ला असेल, असं दुसरीचं. पण मग घुगरी उतरवायला हवी होती, असं तिसरीचं. नळावर हंडे भरून वाहू लागले तरी नवऱ्याचा पत्ता लागेना.

"घुगरी पुसून टाकू काय?" पुष्पानं विचारलं.

मानीबाई हादरल्याच. "जित्या नवऱ्याची घुगरी उतरवते काय कोणी? नवरा काढ."

नवरा काढ म्हणणं सोपं. पुष्पानं तोवर एकही माणूस-पुरुष काढलेला नव्हता. शिवाय नमुना कुठून आणायचा? तांड्यातला एक भाऊ लागे, दुसरा काका, आणि तिसऱ्याची बायको फार भांडकुदळ. राहता राहिला दारव्ह्याच्या बसचा कंडक्टर रजत. तिकिटं देऊन झाली की तो पुढच्या सीटवर डुलकी काढी. पंधरा मिनिटं न हलणारा पुरुष फुकटात आणखी कुठं मिळणार? पुष्पानं वही उघडली. म्हणूनच पहिले दोन भाग झमकूचा नवरा ध्यानाला बसलेला होता.

पुढच्या भागात त्यानं डोळे उघडले आणि घोटाळा झाला. रोज तोच चेहरा काढून पुष्पाचा हात बसला होता. नाक, मिशी, डाव्या भुवईवरची खूण, सगळं जिथल्या तिथं. आजवर तिनं काढलेलं काहीच कोणी ओळखलं नव्हतं. घरच्या बकरीचं चित्र डोंगरसिंगांनी कुत्रं म्हणून वाखाणलं होतं. हा चेहरा मात्र तांड्यानं एका नजरेत ओळखला, आणि पुष्पाला इतका आनंद झाला की पुढचं संकट तिला दिसलंच नाही.

झमकू आपल्या तांड्याची, तेव्हा तिचा नवरा आपला जवाई, हे बायांनी बसून काही ठरवलं नाही. ते आपोआप झालं. लालीबाईंनी बसमध्ये रजतला शेंगांची पुडी दिली. दुसरीनं बोरं दिली. बसच्या वाटेत ठेवलेल्या गाठोड्यांवरून त्याच्याशी चार वर्षं चाललेलं भांडण एका सोमवारी संपलं. रजत आधी घाबरला, मग त्यानं चौकशी केली, मग ती चित्रकथा पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून मिशीला तेल लावून येऊ लागला. इकडे पुष्पाचे त्रेसष्ट वाचक चारशे झाले. ती हुरूपानं पाय गिरवू लागली. धुकं हळूहळू गुडघ्याखाली उतरलं.

हात चालू लागला की माणसाला धाडस सुचतं. विसाव्या भागात पुष्पानं झमकूचा नवरा झमकूवर चिडलेला दाखवला. नाकपुड्या तर अशा फुगल्या होत्या की तिची तिलाच भीती वाटली.

बुधवारी एक बाई स्कूटीवरून तांड्यात आली आणि पत्ता विचारत डोंगरसिंगांच्या दारात उभी राहिली. आपण अर्पिता, रजत कंडक्टरची बायको, असं तिनं सांगितलं. मानीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. डोंगरसिंग बाजेवर सरसावून बसले. पुष्पा बाहेर आली तेव्हा तिला रडूच येत होतं. आत्ता कुठं हात बसायला लागला होता, आणि आता सगळं बंद.

"हे आमचेच ना?" अर्पितानं मोबाइल पुढे धरला.

"हो. चुकलं माझं, ताई. नाही काढणार आता."

"नका काढू, असं म्हटलं काय मी?" अर्पिता बाजेवर टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. झमकूचा नवरा पाणी भरतो, ढाल घासतो, बायको बोलत असली की मध्ये तोंड घालत नाही. अर्पिता दर रविवारी रजतला समोर बसवून भाग दाखवी. जवाई म्हणून बसमध्ये एवढा मान, तो टिकवायचा म्हणून तोही घरी तसाच वागे. महिनाभर घर कसं सुरळीत चाललं होतं.

"आन् या रविवारी तुम्ही त्याले चिडका केलं. तीन दिवस झाले, तसाच नाक फुगवून फिरून राह्यला. भाजीत मीठ कमी झालं तं ताट सरकवलं. काहून, तं म्हणे चित्रात हाय. येत्या रविवारी त्याले माफी मागाले लावा."

डोंगरसिंगांना एवढंच कळलं की तक्रार आली. "झालं. म्या सांगतलं होतं. आजपासून चित्रं बंद."

"बंद केलं तं खरी तक्रार घेऊन येईन मी, काका," अर्पिता म्हणाली. "आन् एकटी नाही येणार."

"आमच्या तांड्याच्या बायाही येतीन," मानीबाई म्हणाल्या, आणि सूप खाली ठेवून बाजेवर नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. डोंगरसिंगांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पायानं चपला सारख्या करायला घेतल्या.

पुष्पा वही घेऊन उंबऱ्यावर बसली. राग काढणं जमलं होतं. पण आपलं चुकलं हे कळलेला, आणि ते कबूल कसं करावं हे न कळणारा पुरुष तिनं कधी निरखलाच नव्हता. बसमधला रजत तर आता आरशात पाहिल्यासारखा हसतच असे. पेन्सिल चावत तिनं मान वर केली. समोर बाजेवर, एका बाजूला मानीबाई आणि दुसऱ्या बाजूला अर्पिता यांच्या मधोमध डोंगरसिंग बसले होते. खांदे उतरलेले, नजर स्वतःच्या चपलेवर.

"बा," पुष्पा हळूच म्हणाली, "असाच बस. हालू नको."