पाठमोरे सारस

छायाचित्र कॅमेऱ्याने निघत नाही, भूमितीने निघते, असे लीलाधरसरांचे ठाम मत होते. आणि सरांचे मत एकदा ठाम झाले की ते हलवण्यापेक्षा फुलचूरची पाण्याची टाकी हलवणे सोपे! कनिष्ठ महाविद्यालयातून भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्षी टिपण्याचा छंद धरला, तोही प्रयोगशाळेच्या शिस्तीने. चौकटीचे तीन उभे, तीन आडवे भाग करायचे, पक्षी कडेच्या भागात बसवायचा आणि तो जिकडे बघतो तिकडे मोकळी जागा सोडायची. पक्षी मधोमध ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी आधार कार्डाचा फोटो काढणारा!

त्यामुळे दवनीवाड्याहून मेहुण्याचा, म्हणजे रेवारामचा फोन आला तेव्हा सर खुर्चीतून अक्षरशः उडाले.

“भाऊजी, पुष्पांजलीच्या लगनाच्या पत्रिकेवर आपल्या बोडीवरची सारसाची जोडी पायजे. पोरगी त्याइले पाहतच मोठी झाली. तुमीच काढा जी!”

“असा फोटो निघेल की आमगावचे व्याही पत्रिका भिंतीवर टांगतील!” सरांनी जाहीर केले.

“जोडी काढा मंजे झालं,” त्यांच्या पत्नी गंगाबाई म्हणाल्या. “नुसते दोन पक्षी नोका काढू.”

या दोन गोष्टींतला फरक सरांना शास्त्रीय वाटला नाही.

पहाटे सर आणि रेवाराम शेतातल्या त्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीमागे पालथे पडले. धुके वर सरकले आणि सारसांची जोडी साक्षात समोर! माणसाएवढे उंच पक्षी, लालभडक माना. दोघे एकमेकांसमोर आले, चोचीला चोच लागली आणि मानांची चक्क कमान झाली!

“काढा जी, काढा!” रेवाराम कुजबुजला.

“थांब. चोची मधोमध येताहेत.”

“येऊ द्या ना! पत्रिकाच छापून राहिली वाटते पाखरं!”

“मध्यभाग ही चौकटीतली सर्वांत निर्जीव जागा असते, रेवाराम. शिवाय दोघांच्याही नजरेपुढे मोकळी जागा शून्य.”

सारसांनी बराच वेळ वाट पाहिली. मग कंटाळून एक डावीकडे वळला, एक उजवीकडे. आता मात्र सरांचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा चालू लागला! प्रत्येक सारसाला स्वतंत्र चौकट, प्रत्येकाच्या नजरेपुढे ऐसपैस आकाश. रचना इतकी निर्दोष की सरांना स्वतःचाच हेवा वाटला.

“जोडीचा एक तरी काढला का जी?” रेवारामने विचारले.

“दोन उत्तम एकेरी फोटो मिळून जोडीच होते,” सर म्हणाले. गणिताने हे खरेही होते.

गोंदियातला छापखानेवाला मोनू व्यवहारी माणूस. पत्रिका दोन फळ्यांच्या दारासारखी मधोमध उघडणारी. प्रत्येक फळीवर एक सारस.

“सर, दोनों को आमने-सामने कर दूँ? शादी का कार्ड है।”

“मुळीच नाही! मग पाहणाऱ्याची नजर मध्यभागी एकवटेल. डावीकडे बघणारा डाव्या फळीवर, उजवीकडे बघणारा उजव्या फळीवर.”

“आप साइंस के आदमी हो, सर। और आपका नाम?”

“टाक मागे कुठेतरी,” सर विनयाने म्हणाले. मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट ‘कुठेतरी’वर सोडली, ती ही.

पत्रिका छापल्या, वाटल्या. आणि आमगावहून नवरदेवाचे वडील बिसरामजी यांचा फोन आला. आवाज असा की रेवारामने मोबाइल कानापासून वीतभर लांब धरला.

“पोरीच्या मनात नाई तर तोंडानं सांगा! पत्रिकेवर कायले सांगता?”

“काय झालं समधीजी?”

“काय झालं? नवरा-नवरी पाठीले पाठ लावून उभे! आमची बहीण म्हणून राहिली, नवरदेव नागपूरकडं चालला, नवरी रायपूरकडं! आमचा पोरगा पीयूष सकाळपासून जेवला नाई!”

इकडे पुष्पांजली रडत होती. लग्न मोडते की काय, या धास्तीने रेवारामचा चेहरा पेरणीआधीच्या धानाच्या बांधीसारखा कोरडा पडला. तो, सर आणि गंगाबाई असे तिघे तडक आमगावला निघाले. गंगाबाई वाटेत एवढेच म्हणाल्या, “तिथं भूमिती नोका सांगू.”

सरांनी पोचताच भूमिती सांगितली.

“बिसरामजी, पक्ष्याच्या नजरेपुढे मोकळी जागा असावी लागते.”

“तिच्यापुढं आमचा पीयूष हाय ना! मंग मोकळी जागा कायले पायजे?”

“आणि सारसाची जोडी जन्मभर टिकते, हे बहुतांशी खरेच आहे,” सरांनी समजूत काढली. “जोड्या फुटल्याची उदाहरणे अगदी थोडी आहेत.”

गंगाबाईंनी कपाळावर हात मारला. “बाप्पा! हे आत्ताच सांगाचं होतं का?”

“पाहा!” बिसरामजी कडाडले. त्यांनी पत्रिका उचलली, रागाने दोन्ही फळ्या पार उघडल्या, तळहातावर धरली आणि आतली नावे वाचू लागले. “इथं लिवलं शुभविवाह, अन् बाहेर...”

समोर बसलेल्या सरांना पत्रिकेची पाठ दिसत होती. उघडलेल्या फळ्या दोन टोकांना गेल्या होत्या. एका टोकाला एक सारस, दुसऱ्या टोकाला दुसरा. मध्ये बिसरामजींचा रुंद पंजा. आणि दोन्ही सारस आत बघत होते. एकमेकांकडे!

“हलू नका!” सर एवढ्या जोरात ओरडले की चहाचा ट्रे हातात घेतलेली नवरदेवाची आत्या दारातच थिजली. “बंद असताना पाठमोरे, उघडताच समोरासमोर! लग्नाआधी अनोळखी, लग्नानंतर... अहो, यापेक्षा अचूक पत्रिका उभ्या जिल्ह्यात नाही! सर्वांनी पाहा!”

त्यांनी पत्रिका हिसकावली आणि तिची पाठ सगळ्यांकडे करून डोक्यावर धरली. आत्या पुढे आली. पीयूष पडद्याआडून बाहेर आला. बिसरामजींनी चष्मा पुसला, निरखून पाहिले आणि त्यांचे पोट हलू लागले. मग खांदे. मग सगळी खोली गदगदू लागली.

“जमलं जी, जमलं! पाखरं पाहून राहिले एकमेकांकडं!” ते डोळे टिपत म्हणाले. “पन भाऊ, त्या दोघाइच्या मंधात तुमी काऊन उभे?”

सरांनी पत्रिका फिरवली. पाठीच्या बरोबर मधोमध, मोनूने आदरापोटी ठसठशीत सोनेरी अक्षरांत छापले होते: ‘छायाचित्र : प्रा. लीलाधर’. दोन्हीकडचे अंतर तंतोतंत सारखे. दोन्ही सारसांच्या नजरा त्याच नावावर खिळलेल्या.

लग्न झाले, थाटात झाले! मांडवातल्या घरच्यांच्या फोटोला सर न सांगता अगदी कडेला जाऊन उभे राहिले. अल्बममध्ये त्यांचा एक कान आणि अर्धा चष्मा आला आहे.