मागे आधार नसलेला डोळा

घड्याळजींच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून समजावलं होतं. "काका, गेल्या वर्षी पडद्याच्या ऑपरेशनमध्ये या डोळ्यातली जेली काढलीय. त्यामुळे भिंगाला मागून आधार नाही. क्वचित ते मागे घसरू शकतं. आम्ही काळजी घेऊच."

चाळीस वर्षं याच डोळ्याच्या जोरावर घड्याळजी तिळाएवढे स्क्रू बसवत आले होते. बाकीचं सगळं ते विसरले, 'मागे घसरू शकतं' एवढंच डोक्यात पक्कं बसलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून घड्याळजी घरी आले आणि पलंगावर उताणे होणार, एवढ्यात बायकोने दंड धरला.

"अहो, थांबा. मागे घसरेल ना ते."

"मग काय उभाच राहू?"

"पालथे पडा. पुढे आलं तर निदान डोळ्यातच राहील. गेल्या वर्षी दहा दिवस पालथेच होतात की."

घड्याळजी पालथे पडले. चहा स्ट्रॉने प्यायले, जमिनीवरच्या ताटात बघत जेवले. सकाळपर्यंत मान अशी आखडली की ती आपली आहे की पलंगाची, हेच कळेना.

तपासणीला ते हनुवटी छातीला टेकवून गेले. बायको कोपर धरून म्हणत होती, "सावकाश. घसरेल."

बाकावर पट्टी बांधलेले चार पेशंट बसले होते. त्यातल्या एका मास्तरांनी विचारलं, "काय घसरेल?"

"भिंग," घड्याळजी म्हणाले.

"आम्हाला कोणी बोललं नाही."

"सगळं कुठे सांगतात ते," बायको कळवळून म्हणाली.

मास्तरांनी हळूच मान खाली घातली. शेजारच्यांनी मास्तरांकडे पाहिलं. दहा मिनिटांत अख्खा बाक फरशीकडे बघू लागला. नर्स बाहेर आली आणि तीही वाकून शोधायला लागली.

"काय पडलं?"

"अजून पडलं नाही," मास्तर म्हणाले.

आत डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. "काका, वर बघा."

"नको. मागे जाईल."

सगळी हकिगत ऐकून बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "गेल्या वर्षी डोळ्यात हवा भरली होती, म्हणून पालथं झोपवलं. घसरायची भीती ऑपरेशनपुरती होती. नवं भिंग आता डोळ्यातल्या पिशवीत घट्ट बसलंय. मान वर करा."

घड्याळजींनी इंचाइंचाने मान वर केली. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग बायकोकडे वळले. तिचे डोळे लाल दिसत होते.

"रात्री झोपली नाहीस?"

"तुम्ही कूस बदलली असती तर?"

घड्याळजी तिचा हात धरून बसले.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना माना वर करायला सांगितलं. बाकभर कण्हल्याचे आवाज झाले. टोकाला मागाहून आलेल्या एक आजी मात्र तशाच वाकून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यावर पट्टीही नव्हती.

"आजी, तुम्हीही मान वर करा."

"राहू दे गं," आजी फरशीकडे बघत शांतपणे म्हणाल्या. "माझं ऑपरेशन उद्या आहे. आजच सवय करून घेते."